कोणी विचारलंच नाही

१९४६ साली न्यूयॉर्कमधले क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी सहा तान्ह्या बाळांबद्दल एक लेख प्रसिद्ध केला. सहाही बाळांच्या कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलेलं होतं. कॅफी मुळात बालरोगतज्ज्ञ, त्यामुळे डोक्याच्या एक्स-रेवर ते थांबले नाहीत. त्यांनी बाळांच्या हातापायांचीही चित्रं पाहिली. सहा बाळांमध्ये मिळून लांब हाडं २३ ठिकाणी मोडलेली निघाली. काही ठिकाणची मोड ताजी होती, काही ठिकाणी हाड भरून येत होतं, तर काही ठिकाणी ते केव्हाच जुळलेलं होतं.

तान्ह्या बाळाचं हाड मोडलं की आठवडा-दोन आठवड्यांत त्याभोवती नव्या हाडाचा पातळ थर दिसू लागतो. पुढे तो जाड होतो आणि काही महिन्यांत हाड पूर्ववत दिसायला लागतं. त्यामुळे एकाच दिवशी काढलेल्या एक्स-रेमध्ये वेगवेगळ्या तारखांच्या इजा ओळखता येतात. जे बाळ अजून रांगतही नाही, त्याचा पाय तीन वेळा तीन निरनिराळ्या दिवशी मोडला असेल, तर पलंगावरून पडण्याची गोष्ट तिथेच संपते. कॅफी यांनी हे ओळखलं. या मोडी आघातामुळेच झाल्या आहेत, असं त्यांनी लिहिलं. आईवडिलांनी सांगितलेल्या हकिगतीत तशा आघाताचा उल्लेख नाही, हेही नोंदवलं. मग आघात कसला आणि कोणाकडून, हा प्रश्न मात्र त्यांनी उघडा ठेवला.

त्याच्या शहाऐंशी वर्षं आधी पॅरिसमध्ये आंब्रवाझ तार्द्यू या न्यायवैद्यकतज्ज्ञाने हा प्रश्न उघडा ठेवला नव्हता. मारहाण आणि छळ झालेल्या ३२ मुलांच्या नोंदी त्यांनी १८६० मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यातली १८ मुलं दगावली होती. छळ करणारे बहुतेक आईवडीलच होते, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. त्यांचा अधिकार मोठा होता, फ्रान्समधली न्यायालयं त्यांचा शब्द मानत. तरीही हा निबंध जवळजवळ शतकभर विस्मरणात गेला. ज्ञान नव्हतं म्हणून मुलं वाचली नाहीत असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ज्ञान होतं. ते हाती घेऊन आईबापांसमोर बसायची आणि ‘हे कसं झालं?’ असं विचारायची तयारी नव्हती.

ही तयारी दाखवणारे डॉक्टर म्हणजे हेन्री केंप. जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात १९२२ साली जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझींच्या छळामुळे देश सोडून अमेरिकेत पोहोचला आणि पुढे डेन्व्हरच्या वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागाचा प्रमुख झाला. आपल्या रुग्णालयात मुलांच्या जखमांना चुकीची नावं दिली जात आहेत, हे त्यांना अस्वस्थ करत होतं. हाडं ठिसूळ असतील, रक्त गोठत नसेल, मूल धडपडं असेल, अशी निदानं कागदावर येत आणि मूल पुन्हा त्याच घरी जाई. केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या रुग्णालयांना पत्रं पाठवून एका वर्षातल्या अशा मुलांची माहिती मागवली. ७१ रुग्णालयांनी कळवलेल्या मुलांची संख्या ३०२ भरली. त्यातली ३३ दगावली होती आणि ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. जुलै १९६२ मध्ये हा लेख अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. त्यात केंप यांनी सहव्यावसायिकांबद्दल एक स्पष्ट निरीक्षण मांडलं: आईवडील आपल्याच मुलाला इतकं मारू शकतील यावर डॉक्टरांचा विश्वास बसत नाही, आणि पोलिसासारखी चौकशी करणं त्यांना नकोसं वाटतं.

पाच वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी कायदे केले. संशय आला की डॉक्टरने कळवलंच पाहिजे, अशी सक्ती झाली. १९७४ मध्ये देशभरातून सुमारे ६०,००० प्रकरणं कळवली गेली आणि १९८० मध्ये हा आकडा १० लाखांच्या वर गेला. सहा वर्षांत अमेरिकन आईबाप इतक्या पटींनी क्रूर झाले, असा याचा अर्थ नव्हे. विचारणारे वाढले, कळवायची जागा तयार झाली आणि मोजणी सुरू झाली. मुलांच्या छळाचा कोणताही आकडा वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं. वाढलेला आकडा पुष्कळदा चांगली बातमी असते, आणि एखाद्या जिल्ह्यात वर्षभरात एकही प्रकरण नोंदलं गेलं नसेल तर काळजी तिथलीच जास्त करायला हवी.

एक्स-रेमध्ये मारहाण दिसते, उपेक्षा दिसत नाही. ज्या मुलाला कोणी उचलून घेत नाही, ज्याच्याशी कोणी बोलत नाही, त्याची हाडं शाबूत असतात. जगभर नोंदल्या जाणाऱ्या प्रकरणांत उपेक्षेचा वाटा मोठा आहे, पण संशोधकांचं आणि वर्तमानपत्रांचं लक्ष तिच्याकडे सगळ्यात कमी गेलं. तिचा सर्वांत काटेकोर अभ्यास झाला तो रुमानियात. चाऊशेस्कूची राजवट कोसळल्यावर तिथल्या अनाथालयांत खच्चून भरलेली मुलं जगाने पाहिली. सन २००० मध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमधल्या १३६ बालकांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्या मुलांना प्रशिक्षित पालक-कुटुंबांत पाठवलं गेलं, उरलेली संस्थेतच राहिली. साडेचार वर्षांच्या वयाला संस्थेतल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ७३ होता आणि कुटुंबात गेलेल्यांचा ८१. जी मुलं कधी संस्थेत गेलीच नव्हती, त्यांचा शंभराच्या वर होता. दुसऱ्या वाढदिवसाच्या आत ज्यांना घर मिळालं, त्यांची भरपाई जास्त झाली. निम्म्या मुलांना संस्थेत राहू देणं न्याय्य होतं का, हा वाद या अभ्यासाला कायम चिकटून आहे. त्या शहरात तेव्हा पालक-कुटुंबांची व्यवस्था जवळजवळ नव्हतीच, आणि पुढे कोणतंही कुटुंब मिळालं तर संस्थेतल्या मुलाला तिथे जायची मोकळीक होती, असं संशोधक सांगतात. हे उत्तर मला पटतं, पण पूर्ण समाधान होत नाही.

आता मोठ्या माणसांकडे वळू. कारण छळ सोसलेलं मूल मोठं होतं, नोकरी करतं, संसार करतं, आजारी पडतं आणि डॉक्टरकडे जातं. सॅन दिएगोमध्ये व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर १९८५ च्या सुमारास वजन घटवण्याचा दवाखाना चालवत होते. पन्नास पन्नास किलो वजन उतरलेली माणसं अचानक उपचार सोडून जात, आणि का जात ते त्यांना कळेना. त्यांनी पुढे अनेकदा सांगितलेला एक प्रसंग आहे. एका स्त्रीला ठरलेले प्रश्न विचारताना त्यांची जीभ घसरली. शरीरसंबंध पहिल्यांदा आला तेव्हा वय किती होतं, असं विचारायचं होतं, पण तोंडून निघालं, ‘वजन किती होतं?’ ती म्हणाली, ‘चाळीस पौंड.’ म्हणजे अठरा किलो. मग ती रडायला लागली आणि वडिलांचं नाव सांगितलं. त्यानंतर फेलिटी यांनी इतर रुग्णांनाही लहानपणाबद्दल मुद्दाम विचारायला सुरुवात केली, तेव्हा तशाच हकिगती एकामागोमाग एक बाहेर येऊ लागल्या.

यातून फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांचा तो प्रसिद्ध अभ्यास उभा राहिला, ज्यात दोन टप्प्यांत १७ हजारांहून अधिक प्रौढांनी प्रश्नावली भरून दिली. लहानपणी मारहाण, अपमान किंवा लैंगिक अत्याचार झाला का, घरात आईला मार पडत होता का, कोणी दारूत बुडालेलं, मनोरुग्ण किंवा तुरुंगात होतं का, असे प्रश्न होते. १९९८ मध्ये पहिले निष्कर्ष आले. निम्म्याहून अधिक लोकांच्या बालपणात यापैकी किमान एक गोष्ट होती. ज्यांच्या वाट्याला चार किंवा अधिक प्रकार आले होते, त्यांच्यात दारूचं व्यसन, नशा, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट होता. हृदयविकार, कर्करोग, यकृताचे आजारही चढत्या क्रमाने वाढलेले दिसले. ही माणसं झोपडपट्टीतली नव्हती. आरोग्यविमा असलेली, बहुतांश गोरी, शिकलेली, मध्यमवर्गीय होती. असल्या गोष्टी ‘त्यांच्यात’ घडतात, आपल्यात नाही, या समजुतीला याहून मोठा धक्का कोणी दिला नसेल.

या आकड्यांचा गैरवापरही पुष्कळ झाला. एखाद्या शाळेत मुलाला सोसलेल्या प्रत्येक प्रकारामागे एक गुण द्यायचा आणि चार भरले की याचं आयुष्य वाया जाणार असं ठरवायचं, हा अन्याय आहे. गटाचा धोका म्हणजे एका माणसाचं भविष्य नव्हे. कॅथी स्पॅट्झ विडम यांनी हे फार काटेकोरपणे दाखवलं आहे. छळ किंवा उपेक्षा न्यायालयात सिद्ध झालेली ९०८ मुलं त्यांनी जुन्या नोंदींतून शोधली आणि वय, लिंग, वंश, वस्ती जुळणाऱ्या ६६७ मुलांशी त्यांची तुलना केली. १९८९ च्या त्यांच्या लेखानुसार छळ झालेल्यांपैकी २६ टक्के अल्पवयात एखाद्या गुन्ह्यात पकडले गेले आणि इतरांपैकी १७ टक्के. फरक खरा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. पण उरलेल्या ७४ टक्क्यांकडेही पाहिलं पाहिजे. मार खाल्लेलं मूल मोठेपणी मारणारच, हे वाक्य आपल्याकडे समुपदेशकसुद्धा सहज उच्चारतात. ज्याने सोसलं त्याच्यावरच ते संशय ठेवतं. ते टाकून दिलं पाहिजे.

फेलिटी यांनी मोठ्यांच्या आठवणी विचारल्या आणि विडम यांनी कागद पाहिले. दोघांना एकच माणसं सापडली का? २०१९ मध्ये जेसी बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही मार्गांनी मोजमाप केलेले १६ अभ्यास एकत्र केले, २५ हजारांहून अधिक लोकांचे. लहानपणी छळाची नोंद झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी मोठेपणी तसं काही झाल्याचं सांगितलं नाही. उलट मोठेपणी सांगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची लहानपणी कुठेच नोंद नव्हती. म्हणजे हे बऱ्याच अंशी दोन वेगळे समूह आहेत. यावरून कोणाला खोटं ठरवायची घाई करू नये. काहींना आठवत नाही, काहींना त्याला छळ म्हणावंसं वाटत नाही, काही सांगू इच्छित नाहीत. आणि नोंद नसणाऱ्यांच्या बाबतीत उत्तर साधं आहे: त्यांना त्या वयात कोणी विचारलं नव्हतं.

पण कसं विचारावं? या प्रश्नाची किंमत अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच गावात मोजली. १९८३ मध्ये तिथल्या मॅकमार्टिन बालवाडीवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले. शेकडो मुलांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. मुलाखत घेणारे चांगल्या हेतूचे होते, पण उत्तर आधीच ठरवून बसले होते. इतर मुलांनी सगळं सांगितलंय, तू हुशार आहेस ना, मग तूही सांग, असा त्यांचा सूर होता. मुलांनी भुयारांच्या आणि विचित्र विधींच्या कथा सांगितल्या. १९९० पर्यंत खटले चालले आणि एकही आरोप सिद्ध न होता संपले. त्या गदारोळात एखाद्या मुलाचं खरं दुःख असलंच, तरी ते वेगळं काढणं आता कोणालाही शक्य नाही.

यानंतरच्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या साक्षीचा कसून अभ्यास केला. मिशेल लाइक्टमन आणि स्टीफन सेसी यांचा १९९५ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. बालवाडीत सॅम स्टोन नावाचा पाहुणा आला, दोन मिनिटं थांबला आणि गेला. एका गटाला हा माणूस वेंधळा आहे, वस्तू मोडतो, असं महिनाभर आधीपासून सांगितलं होतं, आणि भेटीनंतरही ‘सॅमने पुस्तक फाडलं तेव्हा रागाने फाडलं की चुकून?’ असे प्रश्न वारंवार विचारले गेले. या गटातल्या तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी ७२ टक्क्यांनी शेवटी सॅमने काहीतरी खराब केलं असं सांगितलं. ज्यांना असं काही सुचवलंच नव्हतं, त्या गटात असं सांगणारं मूल विरळा होतं. निष्कर्षाच्या दोन्ही बाजू सारख्याच महत्त्वाच्या आहेत. चुकीच्या प्रश्नाने लहान मुलाची साक्ष बिघडवता येते. आणि कोणी बिघडवली नाही, तर तीन वर्षांचं मूलही भरवशाचा साक्षीदार असतं.

मायकेल लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मुलाखतीची एक पद्धत बसवली. तिचा गाभा अगदी साधा आहे. आधी मुलाशी इकडचं तिकडचं बोलायचं, वाढदिवसाला काय झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला लावायचं, म्हणजे आठवून सांगण्याची सवय होते. ‘माहीत नाही’ म्हटलेलं चालेल, आणि माझं काही चुकलं तर मला सांग, हेही आधी स्पष्ट करायचं. मग मोकळा प्रश्न: काय झालं ते सगळं सांग. मुलाने जो शब्द वापरला तोच धरून पुढे जायचं: ‘तू मामा आला म्हणालीस, त्यानंतर काय झालं?’ हो की नाही असे प्रश्न अगदी शेवटी. वाचताना हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात अनुभवी माणूसही सराव आणि देखरेख थांबली की पुन्हा सुचवणाऱ्या प्रश्नांकडे घसरतो, असं अभ्यास सांगतात.

बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या भारताच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात या विचाराची छाया स्पष्ट दिसते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा आहे. न्यायालयात वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचा नाही. तो न्यायाधीशांकडे द्यायचा आणि न्यायाधीशांनी मुलाला विचारायचा. आरोपी मुलाच्या समोर येता कामा नये. मुलाला साक्षीसाठी वारंवार बोलवायचं नाही. मुलगा असो की मुलगी, कायदा दोघांना सारखाच लागू आहे. या तरतुदी मला अतिशय मोलाच्या वाटतात. त्या जिथे पाळल्या जात नाहीत, तिथे मुलाचा दुसऱ्यांदा छळ होतो, आणि या वेळी तो सरकारी इमारतीत होतो.

हा कायदा येण्याआधी भारतात एक मोठी पाहणी झाली होती. २००७ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने तिचा अहवाल प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं, आणि त्या राज्यांत महाराष्ट्र व गोवा दोन्ही होते. शाळेत जाणारी, शाळेबाहेरची, काम करणारी, रस्त्यावर राहणारी आणि संस्थांत वाढणारी, अशी सगळी मुलं घेतली होती. त्यामुळे हा आकडा देशातल्या प्रत्येक घराला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही तो हादरवणारा आहे. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मार सांगितला. ५३ टक्क्यांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. अत्याचार करणारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट त्याआधी कोणालाही सांगितली नव्हती. मुलीला ‘जपून राहा’ एवढं तरी घरात सांगतात, मुलग्याला तेवढंही कोणी सांगत नाही. त्याला काही झालंय का, हा प्रश्न आपल्या घरांत सुचतच नाही.

त्याच पाहणीत शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी शिक्षकांचा मार सांगितला. छडीने विद्या येते ही म्हण आपण कौतुकाने सांगत आलो, आणि ज्यांनी छडी सोसली त्यांच्यापैकी अनेक जण आजही ‘त्यामुळेच घडलो’ म्हणतात. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यास एकत्र केले, सुमारे एक लाख साठ हजार मुलांचे. त्यांनी मोजला तो फक्त चापट मारण्याचा परिणाम, बेदम मारहाण त्यात नव्हती. चापटीने मूल सुधारतं याचा पुरावा निघाला नाही. आक्रमकपणा, चिंता आणि आईवडिलांशी बिघडलेलं नातं यांच्याशी मात्र तिचा संबंध दिसला. स्वीडनने १९७९ मध्येच, जगात सर्वांत आधी, घरातल्या मारावरही बंदी घातली आणि ती घरोघरी कळावी म्हणून दुधाच्या खोक्यांवर छापली. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या शिक्षेवर बंदी आली. घराच्या उंबऱ्याच्या आत कायदा अजून पोहोचलेला नाही.

गोव्याचं उदाहरण इथे वेगळं काढून सांगायला हवं. १९९१ मध्ये मडगावात अनाथ मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या एका प्रतिष्ठित मानल्या जाणाऱ्या माणसाला अटक झाली. मुलांवरच्या अत्याचारांची छायाचित्रं त्याच्याकडे सापडली. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बालकायदा केला, पॉक्सोच्या नऊ वर्षं आधी. छायाचित्रं धुऊन देणाऱ्याला मुलांची अश्लील चित्रं आढळली तर त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, अशी एक तरतूद त्यात आहे. ते काम करणारी दुकानं आता जवळजवळ उरलेली नाहीत, पण त्या तरतुदीतला विचार टिकाऊ आहे. गुन्हा पाहिलेला तिसरा माणूस कोण असू शकतो, हे शोधायचं आणि गप्प राहण्याची मुभा त्याच्याकडून काढून घ्यायची.

कळवण्याच्या या सक्तीची एक काळी बाजूही आहे. पॉक्सोनुसार डॉक्टरलाही पोलिसांना कळवावंच लागतं. मग गरोदर राहिलेली सतरा वर्षांची मुलगी आणि तिची आई बदनामीच्या भीतीने दवाखान्याऐवजी भलत्याच ठिकाणी जातात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये यावर वाट काढली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करण्याची गरज नाही.

मुलाने स्वतःहून सांगायचं ठरवलं तर? १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी एक फोनसेवा सुरू केली. मुलं त्यांना रात्री-अपरात्री फोन करत, त्यातून ही कल्पना आली. नंबर ठरला १०९८, म्हणजे दस-नौ-आठ. उलट मोजणीसारखा, एकदा ऐकला की अक्षरओळख नसलेल्या मुलाच्याही लक्षात राहील असा. पुढे तो देशभर पोहोचला आणि आता सरकारच्या यंत्रणेत सामावला गेला आहे. या फोनवर मोठा वाटा अशा कॉल्सचा असे ज्यांत पलीकडून कोणीच बोलत नसे. ते फोन वाया गेले असं न मानता ऐकणाऱ्याने थांबायचं, तू आहेस हे मला कळतंय, असं सांगायचं. तेच मूल काही दिवसांनी पुन्हा फोन करून बोलू शकतं.

इथवरचं सगळं इजा झाल्यानंतरचं. इजा होण्याआधी काय करता येतं, याचं उत्तर शोधताना मला १८६३ चं पुणं आठवतं. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी त्या वर्षी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. गरोदर राहिलेल्या विधवांनी गुप्तपणे यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं ते त्यांच्या इच्छेवर, अशा आशयाची पत्रकं ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्यांवर लागली. १८८४ पर्यंत तिथे ३५ स्त्रिया बाळंत झाल्याचं जोतिरावांनी नोंदवलं आहे. मुलाला मारणाऱ्या आईला शिक्षा देणारा कायदा तेव्हाही होता. फुले दांपत्याने पाहिलं ते वेगळं: ती बाई इथवर का पोहोचते, आणि तिथे पोहोचण्याआधी तिला कोणी भेटू शकतं का. मुलाला वाचवायचं तर आधी आईपाशी जावं लागतं, हे बालसंरक्षणाच्या संशोधनाने पुढे शंभरेक वर्षांनी आकड्यांनी सिद्ध केलं.

ते आकडे न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या छोट्या, गरीब गावातून आले. मुलांच्या छळाचं प्रमाण तिथे राज्यात सर्वाधिकांपैकी होतं. १९७८ च्या सुमारास डेव्हिड ओल्ड्स यांनी पहिलटकरीण असलेल्या ४०० गर्भवतींना अभ्यासात घेतलं. बऱ्याच जणी वयाने लहान, अविवाहित किंवा गरीब होत्या. त्यातल्या एका गटाच्या घरी परिचारिका जाई, गरोदरपणात सरासरी ९ वेळा आणि मूल दोन वर्षांचं होईपर्यंत आणखी २३ वेळा. बाळ का रडतं, त्याला कसं घ्यावं, शिक्षण पुरं करायचं का, पुढचं मूल कधी, घरात मदतीला कोण आहे, असं बोलणं होई. पंधरा वर्षांनी सरकारी नोंदी तपासल्या, तेव्हा या घरांतली छळ-उपेक्षेची सिद्ध प्रकरणं इतरांच्या जवळपास निम्मी होती. एक अपवाद मात्र निघाला. ज्या घरांत नवरा किंवा जोडीदार आईला वारंवार मारत होता, तिथे या भेटींचा मुलाला काहीच उपयोग झाला नाही.

घरी जाणारी बाई आपल्याकडेही आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांकडून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेऊन दाखवली, आणि त्यातूनच २०११ मध्ये आशा कार्यकर्तींच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम आकाराला आला. बाळ ४२ दिवसांचं होईपर्यंत सहा-सात वेळा, आणि २०१८ पासून पंधरा महिन्यांपर्यंत आणखी पाच वेळा ती उंबऱ्याच्या आत जाते. भर असतो तो वजन, स्तनपान, लस, ताप, वरचं अन्न यांवर, आणि त्याने असंख्य बाळं जगली आहेत. त्याच ओसरीवर बसून आईला ‘रात्री झोप लागते का, घरात कोणी हात उचलतं का, बाळ रडलं की तुला काय होतं’ हे विचारू शकेल अशी तिच्याइतकी जवळची सरकारी व्यक्ती क्वचितच असेल. माझ्या मते महाराष्ट्रातल्या बालसंरक्षणाची सुरुवात इथून व्हायला हवी. पण एल्मायराच्या पद्धतीने चालणाऱ्या कार्यक्रमांत एका परिचारिकेकडे साधारण २५ कुटुंबं असतात. आशाकडे सुमारे हजार लोकवस्ती असते, आणि पंधरा महिन्यांपर्यंतच्या त्या पाच भेटींसाठी योजना सुरू झाली तेव्हा दर भेटीमागे मोबदला ठरला होता ५० रुपये. एका घरात तासभर बसून तिने हे विचारावं, आणि उत्तर ‘हो’ आलं तर त्या आईला तालुक्याच्या गावी घेऊन जावं, असं वाटत असेल, तर आधी तिच्याकडची घरं कमी करून तिच्या या कामाला पगार सुरू करावा लागेल.